एक नमुना

घोडनदीकाठच्या कुठल्याही गावात पारावर एखादे आबा असतातच; इनामगावचे आबा मात्र सर्वेक्षणात मुरलेले. वनीकरण, पाणलोट, माळरान, बिबट्या, विषय कोणताही असो, पुण्याहून निघालेली पांढरी बोलेरो आबांच्या ओसरीशीच थांबते. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली म्हणतात, पण दरवेळी चिठ्ठी आबांचीच निघते. बाकीचे उसाला पाणी द्यायला गेलेले असतात आणि आबांकडे चहा मिळतो.

आबा आधी स्वतःच मुलाखत घेतात. “कुनाकडनं आलाय? मानसांचं का प्रान्यांचं?” एवढं कळल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. माणसांवाल्या ताईंना ते चराईबंदी, सरपण आणि बायांची पायपीट सांगतात. प्राण्यांवाल्या पोरांना चंडोल, चिंकारा, लांडगा पुरवतात. पोरं फारच उन्हातान्हातून आलेली असली तर एखादा माळढोकसुद्धा. त्यांनी तो शेवटचा कधी पाहिला, हे विचारायचं नसतं.

एकदा दोन्ही पथकं एकाच दिवशी आली. उसातला बिबट्या प्राण्यांच्या तक्त्यात ‘वाढ’ म्हणून चढला आणि माणसांच्या तक्त्यात ‘नुकसान’ म्हणून. दोघांची बेरीज करायचा तक्ता कुणाकडेच नव्हता. आबा म्हणाले, “म्हंजी एकंदरीत शून्य. लिवा शून्य. पन माझी शेळी कुठल्या रकान्यात?”

हे हसण्यावारी नेऊ नये. जुन्नर भागात बिबटे पकडून जंगलात सोडण्याची मोहीम २००१पासून जोरात होती. पकडले किती, सोडले किती, एवढंच पाहिलं असतं तर मोहीम फत्ते! विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी मोहिमेच्या आधीची वर्षंही मोजली. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २९ बिबटे हलवल्यावर सरासरी १७वर गेली. शिवाय जिथे ते सोडले, तिथे पूर्वी हल्ले नव्हते, तेही सुरू झाले. हा अभ्यास २०११ साली छापून आला. आबांनी तो वाचलेला नाही, तरी “आमचा धरून दुसरीकडं सोडला, अन् दुसरीकडला आमच्यात” हे त्यांचं जुनं मत आहे.

त्यांचा खरा राग मात्र झाडांवर. म्हणजे झाडांवर नव्हे, खड्ड्यांवर. राज्याने २०१७ला ४ कोटी, २०१८ला १३ कोटी आणि २०१९ला ३३ कोटी रोपांचं लक्ष्य धरलं. रोपं जगली किती यावर पुढे विधिमंडळातही वाद झडले. आबांना तो प्रश्न अर्धाच वाटतो. “रोपं जगली तर माळ मरतोय, त्येचं काय?” माळ सरकारी कागदावर पडीक असला तरी धनगराच्या मेंढ्या, चिंकारा, लांडगा सगळे त्या उघड्या गवतावरच जगतात. तिथे दाटीने झाडं लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणंच. फॉर्मवर मात्र ‘हरित आच्छादनात वाढ: होय’.

एका साहेबांनी कौतुकाने सांगितलं, “प्रकल्पामुळे गवत दुप्पट झालं, आबा.” आबांनी बशीतला चहा संपवला. “अन् शेजारच्या माळावर? जिथं तुमी काईच केलं न्हाई?”

“तो आमच्या अभ्यासात नाही.”

“तिथंबी दुप्पट झालंय. औंदा पाऊस झाला ना, सायेब.”

साहेबांनी पेन खिशात ठेवलं.

या आगाऊपणाचं मूळ आहे गावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांच्या त्या कामावर आबांनी पोरवयात मातीच्या पाट्या वाहिल्या. ताम्रपाषाणयुगातली माणसं सातू पिकवत, हरणं मारून खात, पाट काढून पाणी फिरवत. पुढे पाऊस आटला तशी ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, असं त्या मंडळींनी राखेतून आणि हाडांतून काढलं. आबा हे प्रत्येक पथकाला ऐकवतात. “तीन हजार वर्सांमागं मेलेल्या मानसाला एक सवाल न इचारता त्यो काय खात हुता ते सांगितलं. अन् तुमी मला जित्त्याला दीड तास इचारून लिवलं काय, तर ‘समाधानी’!”

आबांमध्ये खोडी आहेत. नुकसानीचा आकडा ते दर चहाला थोडा वाढवतात आणि माळढोकाबद्दल तर बोलायलाच नको. तरी वनखात्यातल्या, संस्थांतल्या मंडळींना सांगणं एवढंच, की पुढच्या वेळी खड्डे खणल्यावर नव्हे, खणायच्या आधीच्या पावसाळ्यात या. शेजारचा माळही मोजा. आणि आबा दुपारी दोन ते चार झोपतात, तेवढी वेळ टाळा.