नकलबॉल झेलणार कोण?

अमेरिकेतल्या कचेऱ्यांत माणसाला कामाला जुंपण्याआधी त्याचा स्वभाव विचारायची रीत आहे. तोही सरळ विचारत नाहीत. तुम्ही झाड असता तर कोणतं, प्राणी असता तर कोणता, असं आडून आडून. वसंतात बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की प्रश्नालाही ऋतुमान लागतं: तुमचं व्यक्तिमत्त्व कोणत्या पिचसारखं आहे? पिच म्हणजे इथे खेळपट्टी नव्हे, टाकलेला चेंडू. साडेसाठ फुटांवरून, टप्पा न पाडता, १७ इंच रुंदीच्या प्लेटवरून काढायचा. उत्तर मात्र दोन वाक्यांत, हसतमुखाने आणि पगारवाढीला धक्का लागणार नाही अशा बेताने द्यायचं.

आमच्या न्यू जर्सीच्या कचेरीत निम्म्या मंडळींनी ‘फास्टबॉल’ म्हणून हात वर केले. त्यांत साध्या मेलचं उत्तर द्यायला पंधरवडा घेणारे एक गृहस्थही होते. अ‍ॅरोल्डिस चॅपमनने २०१० साली टाकलेला चेंडू ताशी १०५.८ मैलांनी, म्हणजे १७० किलोमीटरने गेला होता. त्या वेगाने आमच्याकडे हलणारी एकच गोष्ट मी पाहिली आहे: शुक्रवारी दुपारी पार्किंगमधून बाहेर पडणाऱ्या गाड्या.

साहेब म्हणाले, मी कटर. मारियानो रिव्हेराचा. रिव्हेराने जवळजवळ उभी कारकीर्द त्या एका चेंडूवर काढली, ६५२ सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन राखलेले विजय, नावावर केले आणि २०१९ साली एकही मत विरोधात न जाता हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. असा मान मिळवणारा तो पहिलाच. साहेबही एकच चेंडू टाकतात, हे कबूल केलं पाहिजे. ‘यावर नंतर बोलू.’ रिव्हेराचा चेंडू ऐन वेळी वळायचा आणि समोरच्याची बॅट मोडायचा. साहेबांचा ऐन वेळी वळतो आणि आमचा शनिवार मोडतो.

खरी गंमत नकलबॉलवाल्यांची. प्रत्येक कचेरीत एक प्रतिभावंत असतोच. त्याने खुर्चीत रेलून सांगितलं, ‘माझा काही नेम नसतो.’ नकलबॉल बोटांच्या टोकांनी, नखं रुतवून धरतात. तो हवेत जवळजवळ फिरतच नाही, त्यामुळे शिवणीवरून जाणारी हवा त्याला कधी इकडे ढकलते, कधी तिकडे. कुठे जाणार ते फलंदाजाला कळत नाही आणि टाकणाऱ्यालाही कळत नाही. चेंडू मात्र भल्या घरचा. फिल नीक्रोने त्याच्या जोरावर ३१८ सामने जिंकले आणि वयाच्या ४८व्या वर्षापर्यंत खेळला. नकलबॉलवाल्या आर. ए. डिकीला २०१२ साली पिचरांचा साय यंग पुरस्कार मिळाला. एवढं सगळं प्रतिभावंताने सांगितलं. हा चेंडू झेलतो कोण, ते नाही सांगितलं.

बॉस्टन रेड सॉक्सला हा प्रश्न २००६ साली पडला. टिम वेकफील्डचा नकलबॉल झेलणारा डग मिराबेली त्यांनी सॅन दिएगोला देऊन टाकला होता. नव्या कॅचरच्या, जोश बार्डच्या हातून एप्रिल महिन्यातच दहा चेंडू सुटले. बॉस्टनवाले टेकीला आले. १ मे रोजी त्यांनी बार्ड आणि वर एक पिचर देऊन मिराबेली परत घेतला. त्या रात्री गाठ यांकीजशी आणि मिराबेली देशाच्या दुसऱ्या टोकाला. खास विमानाने त्याला आणला, विमानतळापासून मैदानापर्यंत पुढे पोलिसांची गाडी लावली, गणवेश त्याने गाडीतच चढवला. सामना बॉस्टनने जिंकला.

आमच्या प्रतिभावंताच्या मागच्या टेबलावर एक बाई बसतात. गिऱ्हाईकाला कबूल केलेली तारीख, प्रतिभावंताने परस्पर बदललेली तारीख आणि प्रत्यक्षात माल गेल्याची तारीख, तिन्ही त्यांच्या वहीत वेगवेगळ्या शाईत असतात. त्यांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मी कोणताच चेंडू नाही, मी झेलते.’ एचआरने त्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘मोकळेपणा वाढवण्यास वाव.’

स्पिटबॉल कोणीच निवडला नाही. चेंडूला थुंकी लावायला १९२० साली बंदी आली, पण ज्यांचं पोट त्यावर चालत होतं अशा १७ जणांना सवलत मिळाली. आपल्याकडच्या जुन्या पेन्शनसारखंच: आधी चिकटलेल्यांना चालू, नव्यांना बंद. शेवटचा सवलतवाला, बर्ली ग्राइम्स, १९३४ पर्यंत टाकत राहिला. पुढे गेलॉर्ड पेरीने तर १९७४ साली आपल्या स्पिटबॉलवर आत्मचरित्र काढलं, तेही खेळत असताना. चेंडूला काहीबाही लावल्याबद्दल पंचांनी त्याला पहिल्यांदा मैदानाबाहेर काढलं ते १९८२ साली, आणि १९९१ साली तो हॉल ऑफ फेममध्ये. आमच्याकडची ही जमात प्रवासभत्त्याच्या बिलांत रमलेली असते आणि बैठकीत स्वतःला ‘चेंजअप’, म्हणजे फास्टबॉलचा आव आणणारा हळू चेंडू, म्हणवते.

आता चेंडूचं म्हणाल, तर त्याच्या नशिबी पहिल्यांदा चिखल. मोठ्या लीगमधल्या प्रत्येक कोऱ्या चेंडूला खेळाआधी खास गाळ चोळतात, गुळगुळीतपणा जाऊन पकड यावी म्हणून. हा गाळ आमच्या न्यू जर्सीतलाच, डेलावेअर नदीच्या एका उपनदीचा. नेमकी जागा काढणारे सांगत नाहीत. एच-वन-बी व्हिसा घेऊन इथे उतरलेल्या मराठी माणसाला या विधीचं नवल वाटत नाही, त्याची झिलई पहिल्या हिवाळ्यात उतरलेली असते. पुढे कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर खुणेने सांगतो, कधी बाकावरून हुकूम येतो. २०२२ पासून तर बटण दाबलं की पिचरच्या टोपीत आवाज येतो. २०२३ पासून डोक्यावर घड्याळही आहे: बेस रिकामे असतील तर १५ सेकंद. चेंडू मातीत आपटला की पंच तो बाजूला करून नवा देतात. या सगळ्यात चेंडूला कोणी स्वभाव विचारल्याचं ऐकिवात नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी ‘इंटेन्शनल वॉक’ सांगितला. पूर्वी फलंदाजाला मुद्दाम पहिल्या बेसवर पाठवायचं तर चार चेंडू लांबून टाकायला लागायचे. २०१७ पासून तेवढेही कष्ट नाहीत. मॅनेजर डगआउटमधून चार बोटं दाखवतो, फलंदाज चालू लागतो. तो न टाकलेला चेंडू मी आहे, म्हटलं. निकाल आधीच लागलेला असेल तर बोटं दाखवा, सोमवारची बैठक कशाला?

साहेबांनी ते मन लावून लिहून घेतलं. ‘वेळेची बचत करण्याची वृत्ती’ असा शेरा मिळाला आणि बैठका कमी करण्याच्या समितीवर माझी नेमणूक झाली. समिती दर मंगळवारी बसते.