राक्षसाच्या डोळ्याचा पंचनामा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात चारचौघे मेजाभोवती बसतात, एकजण भुयाराचे वर्णन करतो, उरलेले आपण योद्धे, मांत्रिक किंवा चोर आहोत असे धरून पुढे काय करणार ते सांगतात, आणि त्यांच्या पराक्रमाचा अखेरचा निवाडा फासे करतात. ज्या खेळाचे सारे वैभव बोलण्यात आहे त्याच्या नियमपुस्तकांना चित्रांची गरज का भासावी, असा प्रश्न एखाद्या विवेकी माणसाला पडेल. मला तो पडत नाही, कारण नियम बाजूला सारून चित्रांचीच तपासणी करीत बसण्याचे, दफ्तरातल्या जुन्या कारकुनाला शोभेल असे व्यसन मला जडलेले आहे. माझी कसोटी एकच: चित्रातल्या माणसाला त्याच्या कामाचा काही त्रास होतो आहे की नाही?

या कसोटीवर पहिला मान निर्विवादपणे डेव्हिड ट्रॅम्पिअर याचा. 1978 साली निघालेल्या 'प्लेअर्स हँडबुक'च्या मुखपृष्ठावर त्याने एक अजस्र राक्षसमूर्ती रंगवली आहे. अन्य कोणत्याही चित्रकाराला तेथे तलवारींचा खणखणाट दाखवण्याचा मोह आवरला नसता. ट्रॅम्पिअर मात्र कर्तव्यदक्ष फौजदाराप्रमाणे मारामारी पूर्ण उरकल्यावरच घटनास्थळी दाखल होतो. दोघे इसम मूर्तीच्या मस्तकावर चढून तिचा रत्नाचा डोळा उचकटीत आहेत, खाली एकजण आपल्या तलवारीवरचे रक्त पुसतो आहे, काहींची नकाशावर गंभीर मसलत चालू आहे, आणि सरड्याच्या तोंडाच्या शत्रूंची प्रेते ओढून नेण्याचे काम, जगाच्या रीतीप्रमाणे, ज्यांना मसलतीत कोणी विचारीत नाही त्यांच्याकडे आलेले आहे. डोळा निघाल्यावर मूर्ती गप्प बसेल की नाही, याविषयी चित्रकार अवाक्षर काढीत नाही. ते मेजाभोवती बसलेल्यांनी ठरवायचे.

हाच ट्रॅम्पिअर 'ड्रॅगन' मासिकात 'वर्मी' नावाची चित्रमालिका काढीत असे आणि तिचा नायक बिलियर्डचा शौकीन असलेला एक ड्रॅगन होता. 1988 साली मालिका ऐन कथेच्या मध्यावर बंद पडली आणि चित्रकार असा नाहीसा झाला की चाहत्यांपैकी कित्येकांनी त्याला मनोमन मृत ठरवून टाकले. पुढे 2002 साली इलिनॉयमधील कार्बनडेल येथील एका विद्यार्थी-वृत्तपत्रात टॅक्सीचालकांवर लेख आला, त्यात हे महाशय सुखरूप टॅक्सी चालवताना सापडले. 2014 साली ते खरोखरच गेले. ज्याने आयुष्यभर कामाला जुंपलेली माणसे काढली, त्याने प्रसिद्धीपेक्षा रात्रपाळी पत्करली, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

ट्रॅम्पिअरचा सहकारी डेव्हिड सदरलँड याची चित्रकला, स्पष्ट बोलायचे तर, ओबडधोबड होती. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'चे त्याचे मुखपृष्ठ पाहून एखाद्या हुशार शाळकरी मुलाला ड्रॉइंगच्या परीक्षेस बसण्याचे बळ यावे. परंतु नरकात एकाकी उभा राहून सैतानांच्या झुंडीला तोंड देणारा त्याचा धर्मयोद्धा पाहिला की मी सगळ्या तक्रारी मागे घेतो. त्या माणसाला त्रास होतो आहे, हे निश्चित. शिवाय या चित्रकारांपुढची अडचणही ध्यानात घेतली पाहिजे. खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स याने हाँगकाँगहून आलेली स्वस्त प्लास्टिकची खेळणी विकत घेतली, त्यांतल्या ओळख न पटणाऱ्या प्राण्यांना नावे व दुर्गुण बहाल केले, आणि त्यांना राक्षसांच्या यादीत कायम केले. लोखंडाचा क्षणात गंज करून टाकणारा 'रस्ट मॉन्स्टर' हा असाच बाजारातून आलेला राक्षस आहे.

आता नावडत्यांकडे वळतो. लॅरी एल्मोर हा मोठा कसबी माणूस; खेळाच्या 1983 च्या लाल पेटीवरचा त्याचा ड्रॅगन पिढ्यान्‌पिढ्या पोरांना भुलवीत आला आहे. माझी हरकत एवढीच, की त्याच्या वीरांचे केस नेहमी नुकतेच धुतलेले असतात, आणि भुयारात महिनोन्‌महिने मुक्काम करणाऱ्या माणसांना ही सोय कोठून उपलब्ध होते याचा खुलासा कोणत्याही नियमपुस्तकात नाही. क्लाइड कॉल्डवेल याच्या रणरागिण्यांविषयी तर सभ्य माणसाने लिहावे तरी किती? त्यांच्या अंगावरचे चिलखत नेमके तेवढेच भाग झाकते, ज्यांवर वार करण्याची शत्रूला यत्किंचितही इच्छा नसावी. आणि तरीही 'रेव्हनलॉफ्ट' या साहस-पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचा तो पिशाच्च-सरदार याच हाताने काढला. तो मात्र नखशिखांत कपड्यांत आहे, आणि म्हणूनच भयंकर आहे.

वेन रेनॉल्ड्स याचा दोष नेमका उलट. 'पाथफाइंडर' या तशाच दुसऱ्या खेळाच्या 2009 च्या मूळ नियमपुस्तकाचे मुखपृष्ठ त्याचेच. त्याच्या एकेका योद्ध्याच्या अंगावर पट्टे, बक्कले, चंच्या, कुप्या, सुरे आणि सुऱ्यांसाठी आणखी पट्टे असा सरंजाम असतो, की ड्रॅगनने हल्ला केला असता मदतीचे औषध कोणत्या चंचीत आहे हे आठवेपर्यंत अंत्यविधीची वेळ यावी. मी एकदा त्या मुद्देमालाची यादी करावयास बसलो आणि मांडीच्या खाली उतरू शकलो नाही.

आणि इतकी कडक कसोटी लावून झाल्यावर मी निमूटपणे एरोल ओटसची चित्रे काढून बसतो, ज्यांतील माणसांना त्रास होतो की आनंद, त्यांची हाडे आहेत की कुत्र्याच्या छत्र्या, हे परमेश्वरालाही सांगता येणार नाही. परमेश्वराचे नाव निघाले ते उगाच नाही. 1980 च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या देवदेवतांच्या कोशात भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथांतली बुळबुळीत दैवते ओटसने काढली होती. पुढे हक्कांचा मामला निघाला, दोन दैवतमंडळांना बेदखल करण्यात आले, आणि 144 पानांचा ग्रंथ 128 पानांचा झाला. आज संग्राहक जादा दाम मोजतात ते त्या हद्दपार झालेल्या पानांसाठी. माझी प्रत 128 पानांची आहे.