उसना अकरावा

रविवारी पहाटे सव्वासहाला फोन वाजला की इतरांच्या घरी धडकी भरते. आमच्याकडे बायको कूसही न बदलता विचारते, “किती कमी पडले?”

“नऊच झालेत काका. दोघं द्या ना.”

मागणारा असतो समोरच्या टीमचा कॅप्टन. म्हणजे तासाभरात ज्यांच्याशी आमची मॅच, तेच आमच्याकडे माणसं मागताहेत. आणि आम्ही देतोही.

आमची लीग हौशी. शनिवारी रात्री व्हॉट्सअॅपवर पंधरा अंगठे वर असतात, सकाळी आमखास मैदानावर पाय मात्र नऊच जणांचे लागतात. एकाची वाळूजची नाइट शिफ्ट लांबलेली, एकाच्या मेव्हण्याची हळद, एक नाथांच्या दर्शनाला पैठणला, आणि उरलेले सरळ झोपलेले. फुटबॉलच्या नियमावलीतला तिसरा नियम सांगतो की एका बाजूला जास्तीत जास्त ११ खेळाडू आणि ७ पेक्षा कमी असतील तर सामना सुरूच करायचा नाही. म्हणजे नऊ जणांत भागतं. पण नऊ जणांना अकरांनी हरवलं तर त्यात मजा नाही, आणि हरलो तर तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून उसनवारी.

तशी ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मराठवाड्यात ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करायचा. आज तुझं रान, उद्या माझं. इर्जिक घातली की गाव नांगर घेऊन यायचं आणि शेताचा मालक जेवू घालायचा. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये तर विषम संख्या झाली की उरलेला पोरगा ‘कॉमन’, दोन्हीकडून बॅटिंग करणार. १९८७ साली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारत-पाकिस्तान प्रदर्शनी सामन्यात बदली क्षेत्ररक्षक कमी पडला, तेव्हा पाकिस्तानच्या बाजूने मैदानात उतरलेला तेरा वर्षांचा मुलगा होता सचिन तेंडुलकर. उसन्या माणसाला हलक्यात घेऊ नये, एवढा धडा त्यातून घेता आला असता. आम्ही घेतला नाही.

भांडणं वाढली तशी लिखित नियमांची गरज पडली. ते काम माझ्या गळ्यात आलं, कारण, “काका, तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला कर्जाचं कळतं.”

पहिला नियम सोपा होता. अकरा भरण्यापुरतेच उसने घ्यावेत, राखीव म्हणून बसवू नयेत. दुसरा: गोलकीपर उसना घेऊ नये. पुढच्याच रविवारी एका टीमचे दहा जण हजर आणि नेमका गोलकीपर गायब. नियमाला शेपूट लागलं, ‘स्वतःचा गोलकीपर नसल्यास चालेल.’ तिसरा: मूळ खेळाडू उशिरा आला तर उसन्याने बाहेर यावं. हा नियम हेल्मेट हातात घेऊन साइडलाइनवर अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या एका सद्गृहस्थामुळे झाला. चौथा: उपान्त्य फेरीपासून उसनवारी बंद. असं करत अकरा नियम झाले. प्रत्येक नियमामागे एक माणूस आहे, आणि तो अजूनही म्हणतो की नियम दुसऱ्यासाठी होता.

हसू नका. फिफालाही हे चुकलेलं नाही. जुलै २०२२ पासून त्यांनी आंतरराष्ट्रीय उसनवारीला लगाम घातला. आधी एका क्लबला एका वेळी ८ खेळाडू, मग ७, आणि जुलै २०२४ पासून ६. त्यातही एकाच क्लबाकडून तिघांपेक्षा जास्त नाहीत. शिवाय उसना आणलेला खेळाडू पुढे तिसऱ्याला उसना द्यायचा नाही. मला आमची आजी आठवली. मागून आणलेली शिडी शेजाऱ्याला दिली म्हणून तिने आजोबांना दोन दिवस ऐकवलं होतं.

आता त्या रविवारचं. दोघं मागितले, आम्ही दिले. शेजारणीने वाटी मागितली की आपण चांगली वाटी मागे सारून पोचा आलेली पुढे करतो, त्याच चालीवर दिले. त्यातला एक बारावीतला पोरगा. लाजाळू, किडकिडीत. आमच्याकडे तो पाण्याच्या बाटल्या सांभाळतो आणि मॅच संपत आली की पाच मिनिटं खेळतो. त्यांच्याकडे उरलेली जर्सी कोणा पैलवानाच्या मापाची होती. बाह्या कोपराखाली, खालचा घेर चड्डीत खोचूनही बाहेर येणारा. आम्ही मनसोक्त हसलो.

उत्तरार्धात त्याच जर्सीने आमचे दोन बचावपटू मागे टाकले आणि बॉल कोपऱ्यात सारला. पोराने हात वर केले, मग आमच्याकडे पाहिलं, आणि हात हळूच खाली घेतले. आनंद करावा की माफी मागावी, हे त्याला कळेना. आमच्या नियमावलीत त्याबद्दल काही नव्हतं. एका गोलने हरलो.

ऑगस्ट २०२०मध्ये लिस्बनला बार्सिलोना ८-२ अशी हरली, तेव्हा बायर्नचे शेवटचे दोन गोल कुटिन्होचे होते. तो बार्सिलोनानेच बायर्नला उसना दिलेला. तेव्हा मी टीव्हीसमोर खदखदून हसलो होतो. मागून आणलेली वाटी रिकामी परत करू नये म्हणतात. आमचीही भरून आली, फक्त तूप आमच्याच घरचं होतं.

मॅच संपल्यावर पोराने ओली जर्सी घडी घालून परत केली. त्यांचा कॅप्टन म्हणाला, “काका, पुढच्या रविवारी पण द्या ना याला.” मी म्हणालो, “नाही. तो आमचा आहे.” वर्षभर बाकावर बसवून ठेवलेल्या पोराबद्दल हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. बँकेत याला बुडीत खातं म्हणत. बाहेर कोणी मागायला आल्यावरच कळतं की खात्यात काही होतं.

त्या रात्री मी बारावा नियम लिहिला: ‘ज्याला आपण खेळवत नाही, त्याला आधी उसना द्यावा.’

पुढच्या रविवारी पोरगा आमच्या अकरात होता. म्हणजे असायचा होता. सव्वासहाला मोजले तर आमचेच दहा. मीच फोन लावला, “अरे, एक जण आहे का?”

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, “हौ काका, है ना. मगर गोल मारा तो कुछ बोलने का नई.”