उजेडाचा महसूल

प्रकाशासारखी सर्वसंचारी वस्तूदेखील वसुलीच्या कक्षेत आणता येते, हे जगास पटवून देण्याचे श्रेय इंग्लंडच्या राज्यकर्त्यांना मुक्तकंठाने दिले पाहिजे. वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या स्केरीज बेटावरील दीपस्तंभ ही दीर्घकाळ खासगी मालकांची वंशपरंपरागत मिळकत होती, आणि त्या उजेडाजवळून गेलेल्या जहाजांकडून टनामागे पट्टी घेण्याची त्यांना रीतसर सनद होती. 1836 च्या कायद्यान्वये दीपस्तंभांचा कारभार पाहणाऱ्या ‘ट्रिनिटी हाउस’ या संस्थेने ही मिळकत खरेदी केली, तेव्हा 1841 साली मोबदला ठरला 4,44,984 पौंड, एका दिव्याचा एवढा गौरव कोणत्या देवळातही झाला नसेल.

हेच तत्त्व पुढे नेऊन आता ध्रुवताऱ्यास वहिवाटदार नेमावा आणि शतकानुशतके बिनपावती केलेल्या मार्गदर्शनाची थकबाकी खलाशांच्या वारसांकडून व्याजासह उगवावी, हे उचित होईल.

व्यवस्था निष्ठुर होती, असे मात्र कोणी म्हणू नये. भरदुपारी, दिवा विझलेला असताना आलेल्या जहाजास पट्टीची माफी नव्हती, हे खरे; परंतु जे खडकावर आपटून बंदरापर्यंत पोचलेच नाही, त्याच्याकडे एका पेनीचाही तगादा लावण्यात येत नसे.