वांधा

आमच्या भागात एखाद्याचं बरं चाललंय की नाही हे काढून घ्यायचं असेल तर एकच प्रश्न विचारतात, "नाशिकला फ्लॅट झाला का?" जमीन, ट्रॅक्टर, मुलाची नोकरी, सगळं त्यात आलं. बावीस वर्षं मी या प्रश्नाला "बघतोय" असं उत्तर देत होतो. फार सोयीचा शब्द. पैसे नाहीत असं म्हणावं लागत नाही आणि आहेत असं दाखवावंही लागत नाही.

मी लासलगावात एका कांदा व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहे. हिशोबपट्ट्या लिहितो. दिवसभरात हाताखालून एवढे लाख जातात की संध्याकाळी वाण्याकडे पाव किलो शेंगदाणे घेतानाही मी माल उचलायला आल्यासारखा उभा असतो. या उभं राहण्यातूनच माझा गैरसमज झाला, की आपल्याला भाव कळतो. कांद्याचा कळतो म्हणजे कशाचाही कळणार. फ्लॅट म्हणजे तरी काय, सिमेंटची ट्रॉली!

आता ट्रॉलीचा विषय निघालाच आहे तर माझी विद्या काय आहे ते सांगून टाकतो. आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा. समितीचा माणूस पुकारा करत पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका त्याच्यामागे, ट्रॉलीवर शेतकरी उभा. एकजण कांदा उचलतो, अंगठ्याने त्याची मान दाबतो, पत्ती चोळून बघतो. दुसरा कोपरापर्यंत हात घालून आतला कांदा काढतो, कारण ट्रॉलीतला वरचा कांदा आणि स्थळाचा फोटो यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. आकडे पन्नासाने, मग दहाने, मग रुपयाने चढतात आणि मिनिटभरात घोळका पुढच्या ट्रॉलीवर. ज्या मालाला शेतकऱ्याने चार महिने दिले त्याला बाजार एक मिनिट देतो.

पण खरी गंमत पुढे. ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, रिकामी होते, आणि पोटातून गोल्टी, डेंगळे, जोडकांदे, ओला माल असं काही निघालं की आमच्याकडून एकच शब्द येतो : वांधा. हा तुमच्या "वांधे झाले" मधला वांधा नव्हे. ही रीतसर भानगड आहे. दोन्ही बाजू भांडतात, समितीचा माणूस बोलावला जातो, माल पुन्हा बघितला जातो, शे-दोनशे कमी होतात; कधी शेतकरी शिव्या देत माल परत भरून नेतो. आणि वांध्यात मी निष्णात. शेठ मुद्दाम मला खळ्यावर पाठवतात. मी काही बोलत नाही. खालचा ओठ जरा पुढे काढायचा, डावी भुवई वर न्यायची आणि नाकातून "हंऽ" करायचं. हा "हंऽ" मी वीस वर्षं घोटलाय. नुसत्या त्याच्यावर क्विंटलमागे पन्नास रुपये उतरलेले मी पाहिलेत. बायकोच्या मते मी हा आवाज तिच्या भाजीवरही काढतो. पण तिथे त्याचा भावावर परिणाम होत नाही, उलट दुसऱ्या दिवशी तीच भाजी येते.

तर विषय घराचा चालला होता.

२०२३ च्या दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही दोघं पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडला उतरलो. बजेट २४ लाख. या आकड्यात गंगापूर रोड, कॉलेज रोड ही नावं मनातल्या मनातसुद्धा घ्यायची नसतात. आम्ही जेलरोड, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव असे गावाच्या कडेकडेने फिरलो. एजंट उत्साही होता. त्याच्याकडे प्रत्येक भावाला कारण होतं. "साहेब, मेट्रो येतेय." २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवरच्या मेट्रोची घोषणा झाली होती, तिचा एक खांबही मला दिसला नाही, पण तिचं तिकीट आमच्या फ्लॅटच्या भावात लागलं होतं. "साहेब, २०२७ ला कुंभमेळा." सिंहस्थ बारा वर्षांनी एकदा येतो, त्याच्या नावाने भाव मात्र दरवर्षी पर्वणी साधतो. "२०१५ च्या कुंभाआधी घ्यायला पाहिजे होतं तुम्ही," असंही तो हळहळला. २०१५ साली मी काय करत होतो? "बघतोय" म्हणत होतो.

पहिल्याच साइट ऑफिसात मी खुर्चीत मागे रेललो आणि समोरच्या मुलीला सांगितलं, "मॅडम, आम्ही आशियातल्या सर्वांत मोठ्या कांदा बाजारातली माणसं. आम्हाला भाव सांगताना विचार करून सांगा."

तिचा चेहरा उजळला. "लासलगाव का सर? मग येताना एक गोणी आणाल?"

तिने आकडा सांगितला. मी ओठ पुढे काढला, भुवई वर नेली आणि आयुष्यातला सर्वोत्तम "हंऽ" केला.

"सर, पाणी आणू?" ती म्हणाली.

मग तिने चौरस फूट समजावले. आधी म्हणे जिना, लिफ्ट, पॅसेज, बहुधा वॉचमनची खुर्चीसुद्धा आपल्या फुटांत धरायचे. २०१६ च्या रेरा कायद्यापासून कार्पेटवरच विकावं लागतं. मी खूश झालो. मग कळलं की कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जागाही धरतात. म्हणजे भिंतीच्या पोटात जेवढी जागा आहे तिचेही पैसे द्यायचे, राहायचं मात्र भिंतीच्या बाहेर. वजनात एवढी सफाईदार कट्टी आमच्या बाजारात कुणी लावली तर दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडतील.

नमुन्याचा फ्लॅट पाहून मी भारावलो. पलंग होता, पलंगाला प्रदक्षिणा घालता येत होती. बायको पलंगावर आडवी झाली. तिची उंची पाच फूट एक इंच, आणि पाय बाहेर आले. "अहो, हा पलंग पोराटोरांचा आहे," ती पडल्या पडल्या म्हणाली. एजंट खिडकीतून कुंभमेळ्याकडे बघू लागला.

मी सगळीकडे भिंती वाजवत फिरलो. टक टक. कान लावून. भिंत वाजवून नेमकं काय ऐकायचं असतं हे मला आजही माहीत नाही, पण चेहरा जाणकाराचा ठेवला होता. पाथर्डी फाट्याच्या पुढच्या एका तयार इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी असाच वाजवत असताना बायको बाथरूममध्ये गेली. नळ सोडून मगभर पाणी घेतलं, फरशीवर ओतलं आणि उकिडवी बसून बघत राहिली. पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे निघालं, तिथे क्षणभर रेंगाळलं आणि हॉलमध्ये आलं.

"उतार उलटा आहे," ती म्हणाली.

बावीस वर्षं वांध्यात घालवली मी, आणि वांधा काढला हिने.

"ते होऊन जाईल," बिल्डरचा माणूस म्हणाला. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला होता म्हणून जीएसटी नव्हता, आणि आमच्या बजेटात बसणारं तेवढं एकच होतं. म्हणून आम्हीही "होऊन जाईल" म्हणालो. भाव कमी करा म्हणून मी शेवटचा जोर लावला. पुढच्या खेपेला खरोखरच एक गोणी घेऊन गेलो. गोणी त्यांनी ठेवून घेतली. भाव फिक्स होता. "पण सर, तुमच्यासाठी किचनला दोन ट्रॉल्या फ्री." ट्रॉल्या! चमचे ठेवायच्या!

पैशाचं गणित असं, की १५ लाख कर्ज, पंधरा वर्षं, ९ टक्के, हप्ता पंधरा हजार दोनशे. एकूण फेड सत्तावीस लाखांवर. दुसऱ्याचे हिशोब करताना मला कधी घाम आला नव्हता. उरलेल्यात साठवलेले सात लाख, आणि दोन लाख दादा देणार होता. लाल कांदा निघाला की देतो, म्हणाला होता. क्विंटलला साडेतीन हजार तरी येतील अशी त्याची आशा होती, आणि तेव्हाच्या बाजारात ती काही वेडी आशा नव्हती.

८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. पंधरवड्यात भाव कुठे गेले ते निफाड तालुक्यात कुणाला सांगायला नको. त्या महिन्याच्या अखेरीस दादाची एक ट्रॉली आमच्याच शेठच्या खळ्यावर आली. सतराशेने गेली होती. रिकामी झाली तेव्हा आतून थोडी गोल्टी निघाली; फार नाही, पण माझ्या "हंऽ"ला पुरेल एवढी. शेठ माझ्याकडे बघत होते. मी पट्टी पुढे ओढली आणि सतराशेच लिहिलं. दादा काट्याच्या पलीकडे उभा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आठ दिवसांनी तो दोन लाख घेऊन घरी आला. चहा पिताना मी विचारलं, "दादा, जमलं कसं?"

"चांगला गेला की भाव," तो म्हणाला. "तू नको काळजी करू."

पट्टी माझ्याच अक्षरात होती. कांद्याला उत्पादनखर्च विचारणारा कुणी नाही, त्याचा भाव एका रात्रीत दिल्लीतून खाली येतो, आणि सिमेंटच्या ट्रॉलीचा भाव लावणारा मात्र विकणाराच असतो, यावर त्या दिवशी मी मनात खूप बोललो. मोठ्याने म्हणालो, "आणखी चहा घे."

नोंदणीच्या वेळी वकिलाने सांगितलं की घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, २०२१ पासून. संयुक्त नावावर नाही. एक टक्का म्हणजे २४ हजार. मी दारावरच्या पाटीचं अक्षरसुद्धा ठरवून ठेवलं होतं, पितळी, जरा तिरकं. पण मी बाजारातला माणूस. २४ हजारांना माझं नाव गेलं, आणि खरं सांगायचं तर एवढा भाव त्याला पूर्वी कधी मिळाला नव्हता. कर्जाला मी सहकर्जदार आहे. खरेदीखतात मी साक्षीदार आहे.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिचा फोटो निघाला, अंगठे घेतले. तिने खरेदीखत हातात घेऊन पहिलं पान बारीक आवाजात वाचलं. स्वतःचं पूर्ण नाव, वय ४३, धंदा घरकाम. तिथे ती थांबली.

"आजवर दुसऱ्यांच्या घरात केलं," ती म्हणाली.

लग्नापासून आम्ही पाच भाड्याच्या जागा बदलल्या. पाचही मालक चांगले होते, पण भिंतीला खिळा ठोकू देत नव्हते. आमची लग्नाची फोटोफ्रेम बावीस वर्षं कपाटावर भिंतीला टेकून उभी आहे.

ताबा मिळाल्यावर उतार तसाच होता. मग मात्र मी पेटलो. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. पाच वर्षं वांधा काढता येतो! आमच्याकडे शेतकऱ्यावर ट्रॉली रिकामी होतानाच काय तो निघतो. मी कलम १४ चा हवाला देऊन फुलस्केप कागदावर अर्ज केला, शेवटी सवयीने "माल पाहून खात्री करावी" असंही लिहिलं. गवंडी तीनदा येऊन गेला. आता पाणी हॉलकडे जात नाही. जाळीकडेही जात नाही. मध्येच उभं राहून विचार करतं.

आमच्या लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये विकिरण केंद्र सुरू केलं. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे गॅमा किरण देतात. मलाही वेळेवर कुणीतरी नेऊन आणायला हवं होतं. कारण एवढं सगळं झाल्यावर लक्षात आलं की माझी नोकरी लासलगावात आहे. पंधरा हजारांचा हप्ता भरून रिकामा फ्लॅट ठेवणं बागायतदारांना परवडतं. आम्ही तो आठ हजारांनी भाड्याने दिला आणि स्वतः लासलगावात साडेचार हजार भाडं भरून राहतो. परवा एस.टी. स्टँडवर कुणीतरी विचारलंच, "काय, झाला का नाशिकला फ्लॅट?"

"झाला," मी म्हणालो. "बायकोचा आहे."

भाडेकरू नवीन लग्न झालेलं जोडपं आहे. अकरा महिन्यांचा करार छापील होता, त्यात भिंतींना इजा करू नये असं कलम होतंच. मालकीणबाईंनी पेन मागितलं आणि ते कलम खोडलं. समासात लिहिलं, खिळे ठोकण्यास परवानगी आहे. खाली सही.

गेल्या महिन्यात भाडं घ्यायला गेलो होतो. हॉलमध्ये सात खिळे आहेत, स्वयंपाकघरात दोन.