कौशल्याचा खेळ

इंग्लंडात दर मार्चमध्ये चेल्टनहॅमला घोडे कुंपणांवरून उड्या मारत धावतात. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचे घोडे सपाट पळतात. उड्यांचं खातं प्रेक्षकांकडे. फेब्रुवारीतल्या डर्बीच्या रविवारी बोरिवलीकर फास्ट पकडतो आणि महालक्ष्मीला फास्ट थांबत नाही म्हणून दादरला उतरून स्लोमध्ये घुसतो. घाटकोपरवालाही तिथेच पूल चढत असतो. घोड्यांआधी एक शर्यत इथेच उरकते.

पुढचा, पैजेचा हिशेब असा. बुकीने पैसे घेताना दिलेला भाव पक्का. टोटवर मात्र सगळ्यांचे पैसे एकाच गल्ल्यात जातात, त्यातून आधी कर आणि क्लबचा वाटा निघतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे आपली झुंज घोड्याशी नसून बाजूला उभ्या काकांशी असते. अख्ख्या अंधेरीला ठाऊक असलेली ‘आतली खबर’ खरी ठरली, तरी वाटेकरी इतके की हाती वडापावापुरते यायचे.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. जीएसटीवाल्यांनी हे कौशल्य आदराने कॅसिनोशेजारी बसवलं: लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के, आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. वर १०,००० रुपयांहून जास्त जिंकलात, तर ३० टक्के टीडीएस. आणि आधीच्या रेसमध्ये हरलेले पैसे जिंकलेल्यांतून वजा करून कर भरता येत नाही, एवढं खिडकीवर जाण्यापूर्वी ध्यानात असू द्या.