रुमालाखालचं पुस्तक

आपल्याकडे लायसन्स काढायला एजंट आहे, विमा उतरवायला आहे, भाड्याची खोली शोधायला आहे. लग्न जमवायला मध्यस्थ आहे, कांदा विकायला अडत्या आहे, बैल विकायला दलाल आहे. पुस्तक विकायला मात्र कुणी नाही. विलायतेत लेखकालाही एजंट असतो. तो लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी भांडतो आणि मिळतील त्या पैशांतले साधारण पंधरा टक्के ठेवून घेतो. मराठीत तो का नाही, हे आमच्या गणिताच्या सरांनी एका ओळीत सांगितलं असतं: शून्याचे पंधरा टक्के काढा.

माझं पुस्तक आठवडी बाजारांवर आहे. सात वर्षं, सदतीस बाजार. चाकणपासून सांगोल्यापर्यंत कोण कुठे बसतो, जागेची पावती कोण फाडतो, पाटीवालीचं दिवसाचं भांडवल किती आणि संध्याकाळी पाचनंतर कोथिंबीर कशी मातीमोल होते, हे सगळं मी लिहून काढलं. तीनशे बारा पानं झाली. बायको म्हणाली, "छान. आता विकून दाखवा." सात वर्षं बाजाराचा अभ्यास केलेल्या माणसाला हे इतकं लागायला नको होतं.

पहिल्या प्रकाशकांनी नाव ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली. "आठवडी बाजार! म्हणजे ऑप्शन्सची वीकली एक्सपायरी?"

"नाही. भाजी, जनावरं, सुकट."

ते जरा वेळ विचारात पडले. "असं करू. बाजार राहू द्या, भाजी काढा."

दुसरे म्हणाले, ललितेतर चालत नाही, याची कादंबरी करा. एक कोथिंबीरवाली घ्या, तिच्यावर एका अडत्याचं प्रेम दाखवा, शेवटी पूर आणा. तिसऱ्यांनी थेट मुद्द्याला हात घातला. "पुस्तकात महाराज आहेत का?" मी म्हटलं, शाहू महाराज आहेत, त्यांनी कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली त्याबद्दल दीड पान आहे. "दीड पान पुष्कळ झालं," ते म्हणाले. "मुखपृष्ठावर घेऊ." चौथ्यांनी माझे फॉलोअर्स विचारले. मी सांगितलं, बाजारात माझ्या मागे कुत्री लागतात, तेवढीच.

पाचव्यांनी हस्तलिखित मागवलं. माझा मजकूर युनिकोडमध्ये, त्यांचा छापखाना जुन्या फॉण्टवर. मजकूर इकडून तिकडे गेला तेव्हा 'शेतकऱ्याचा' या शब्दाचा 'शेतक-याचा' झाला. तीनशे बारा पानांत एकही शेतकरी अखंड उरला नाही, प्रत्येक जण मधोमध तुटलेला. मी फोन करून चूक सांगितली. तिकडून उत्तर आलं, "वाचकाला सवय आहे."

त्यानंतर सात महिने शांतता. दर पंधरवड्याला फोन करावा तर साहेब कधी प्रदर्शनात, कधी संमेलनात, कधी 'तुमचंच वाचतायत'. अशा वेळी माणूस परंपरेचा आधार शोधतो. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तेराव्या दिवशी कोरडी वर आली, अशी कथा आहे. हस्तलिखित तेरा दिवसांत, एकही पान न गहाळ करता आणि सोबत परतीचं तिकीट न मागता परत करणारी मराठी साहित्यातली ती एकमेव संस्था.

बाकीच्यांचा हिशेब वरसईच्या विष्णुभट गोडशांना विचारावा. भटजी 1857 च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहून जिवानिशी परत आले आणि चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून 1883 साली 'माझा प्रवास' लिहिते झाले. वैद्यांनी तो छापला 1907 साली, आणि तोही आपल्या हातचे फेरफार करून. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी उजेडात आणला तेव्हा 1966 साल उजाडलं होतं. म्हणजे मजकूर लेखकाच्या मनासारखा छापून यायला त्र्याऐंशी वर्षं. त्या मानानं माझे सात महिने म्हणजे चहा उकळायचा वेळ.

आठव्या महिन्यात एक मधाळ फोन आला. "अभिनंदन! आपली निवड झाली आहे." पाठोपाठ एक तक्ता आला. रौप्य, सुवर्ण आणि हीरक अशा तीन योजना. सुवर्ण योजना पासष्ट हजारांची, पैसे मी त्यांना द्यायचे. तीनशे प्रती छापायच्या, त्यातल्या अडीचशे मी न्यायच्या. सोबत शाल, श्रीफळ, एक अध्यक्ष आणि 'राज्यस्तरीय पुरस्कार (हमखास)'. आयएसबीएनचे तीन हजार वेगळे. हा क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था फुकट देते, अगदी स्वतःचं पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही देते. पण फुकटाला तीन हजार लावले की त्याला भारदस्तपणा येतो. 'राष्ट्रीय पातळीवर वितरण' याचे सहा हजार. खोदून विचारल्यावर कळलं की एक प्रत कोलकात्याला जाते, एक चेन्नईला, एक दिल्लीला आणि एक मुंबईला मध्यवर्ती ग्रंथालयात. या चार ग्रंथालयांना फुकट प्रत धाडणं 1954 च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकावर बंधनकारक आहे. कायदा पाळण्याचे पैसे वेगळे लावणारा व्यापारी मी सदतीस बाजारांत पाहिला नव्हता.

तरी मोह झालाच. अडीचशे प्रती दिवाणाखाली मावतील का, हे मी टेपनं मोजलंसुद्धा. येत्या लग्नसराईत आहेराचा प्रश्न सुटेल, अशीही एक बाजू होती. पैसे भरण्याआधी छायाचित्रं घ्यायला म्हणून एका रविवारी सांगोल्याला गेलो. तिथले एक म्हातारे दलाल माझ्या पुस्तकात अकरा पानं व्यापून आहेत. त्यांचं काम बोटांवर चालतं. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहून रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा आणि शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

"काय सायेब, कितीला सुटलं पुस्तक?" त्यांनी विचारलं.

मी तक्ता वाचून दाखवला. त्यांनी पानाची पिंक टाकली.

"म्हंजी बैल तुमचा, वैरण तुमची, आन् गिऱ्हाइकानं न्यावा म्हून पैसंबी तुमचंच?"

"आणि सोबत शाल मिळते," मी म्हटलं.

"चाळीस वर्सं बाजारात हाय. शेतकरी लई बुडताना बघितलं, पर असा हौसंनं बुडताना न्हाई."

मग त्यांनी चहा पाजला आणि जगातल्या कुठल्याही एजंटानं पंधरा टक्क्यांत सांगितलं नसतं ते फुकट सांगितलं. एक, आधी गोठा बघा. खिलार पाळणाऱ्याच्या दारात म्हैस नेली तर तो का घेईल? दोन, जनावर गावभर हिंडवू नका, चार पावलं नीट चालवून दाखवा. तीन, दात लपवू नका. आदत खोंड असेल तर आदत म्हणूनच सांगा. गिऱ्हाईक जबडा उघडून बघतंच, मग खोटेपणा दरात कापला जातो.

मी घरी येऊन स्वतःच्याच कपाटातली पुस्तकं उघडली आणि शेती, गावगाडा, रोजगार यांवरची कुणी काढली आहेत ते पाहिलं. पन्नास नावांतून सहा गोठे निघाले. सहा जणांना दीड पानाचं पत्र लिहिलं: पुस्तक कशाबद्दल, कोण वाचेल, या विषयावर आधी काय आलंय आणि मीच का. सोबत अनुक्रमणिका आणि सांगोल्याचं एक प्रकरण, बस्स. पहिलंच पुस्तक आहे, हे पहिल्याच परिच्छेदात. तेच प्रकरण एका दिवाळी अंकालाही दिलं. तिथं मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळाली, पण जनावर चार पावलं चाललं. दिवाळीनंतर सहातल्या एकाचा फोन आला. वाचून केलेला फोन कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं: त्यांनी पान नऊवरची चूक दाखवली.

करार मात्र आला तो नेहमीच्या थाटाचा. सर्व भाषा, सर्व माध्यमं, सर्व जग, कायमचं. कॉपीराइटचा 1957 चा कायदा याहून दयाळू आहे. हक्क लेखी द्यावे लागतात, मोबदला किती ते त्यात लिहावं लागतं, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे प्रकाशक नुसते गप्प राहिले असते तर माझं पुस्तक पाच वर्षांनी आपल्या पायांनी घरी आलं असतं. 'कायमचं' हा शब्द त्यांनी कष्ट घेऊन टाइप केला होता.

मी भेटायला गेलो. 'कायमचं' खोडून पाच वर्षं झाली. 'सर्व भाषा' खोडून मराठी झाली. चहा आला. उरला दर.

"पहिलं पुस्तक आहे," ते म्हणाले. "त्यात ललितेतर. कागद केवढ्याला झालाय तुम्हाला माहीत आहे. पहिल्या आवृत्तीवर रॉयल्टी देणं अवघड आहे."

2016 साली सरकारनं भाजी-फळांची अडत शेतकऱ्याच्या डोक्यावरून काढून खरेदीदारावर टाकली होती, ते मला आठवलं. लेखकाच्या डोक्यावरची पाटी उतरवायला कुणी अध्यादेश काढणार नव्हतं, आणि दलाल सांगोल्याला होते. मी खिशातून रुमाल काढला, टेबलावर त्यांच्या हाताजवळ पसरला आणि खाली माझी पाच बोटं दोनदा दाबायच्या तयारीत ठेवली.

प्रकाशकांनी रुमालाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग हळहळून उठले आणि त्यांनी पंखा मोठा केला.